रुळांवरचे बिऱ्हाड

आगगाडीचा इतिहास म्हटला की इंजिने आणि बोगदे आठवतात. मार्ग बांधणाऱ्यांचा संसार सहसा आठवत नाही. अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे काम १८६३ साली सॅक्रामेंटो येथून सुरू झाले. बांधकामप्रमुख जेम्स स्ट्रोब्रिज यांच्या पत्नी हॅनाबाई यांनी पुढे रेल्वेच्या डब्यातच संसार थाटला. डब्याला कापडी छताची पडवी होती, पिंजऱ्यात कॅनरी पक्षी होता. रूळ पुढे गेले की घरही पुढे जाई.

हे सुख अधिकाऱ्याच्या कुटुंबाचे. १८६५ पासून कामावर आलेले हजारो चिनी मजूर बहुधा कुटुंबावाचून तंबूंत राहत. गोऱ्या मजुरांना जेवण कंपनी देई. चिन्यांना ते पगारातून करावे लागे. तरी त्यांनी आपली रीत राखली. टोळीचा स्वतःचा स्वयंपाकी असे. भात, सुकी मासळी आणि उकळलेल्या पाण्याचा चहा असे. त्या चहामुळे पोटाचे विकार पुष्कळ टळत.

१० मे १८६९ रोजी प्रॉमॉन्टरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. त्या दिवशी स्ट्रोब्रिज यांनी काही चिनी मजुरांना आपल्या डब्यात जेवावयास बोलाविले. उपस्थितांनी जयघोष केला. पंगतीचा तो मान खराच. परंतु तो मिळण्यास सारा मार्ग पुरा व्हावा लागला.