बाइकच्या स्क्रूचं डोकं झिजलं? जोर लावण्याआधी हे वाचा!

डिस्क ब्रेकच्या बाइकवर हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. तिच्या झाकणावर सहसा दोन स्क्रू असतात. ते काढायला गेलं की स्क्रू ड्रायव्हर खाचेत गरकन फिरतो, डोकं गुळगुळीत होतं आणि "राहू दे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणत काम तिथेच थांबतं.

खरा धोका इथेच आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर ऑइल उकळलं, तर त्यात बुडबुडे तयार होतात आणि लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणूनच अनेक कंपन्या हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

स्क्रू झिजतो कशामुळे?

पहिलं कारण, गंज. झाकणाखालची डबी अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टीलचा. दोन वेगळे धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की आटे जाम होतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे आणखी लवकर घडतं.

दुसरं कारण, चुकीचं हत्यार. आपण ज्याला सरसकट 'स्टार' म्हणतो, त्यात फिलिप्स आणि जपानी जेआयएस असे प्रकार आहेत. ते दिसतात सारखेच, पण जेआयएस स्क्रूच्या खाचेत फिलिप्सचं टोक पूर्ण बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच खातं. अनेक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण.

मग काढायचा कसा?

१. आधी थांबा. प्रत्येक घसरणीसोबत पकड कमी होते.

२. टाकीवर जाड कापड टाका. ब्रेक ऑइलने रंग उडतो.

३. खाचेतली माती टोकदार वस्तूने काढा. गंज सोडवणारा स्प्रे थेंबभर सोडून अर्धा तास थांबा.

४. योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत धरा, डबीला आधार द्या आणि वरून हातोडीने हलके ठोका. मग खाली दाबत हळू फिरवा. फिरवण्यापेक्षा दाब जास्त हवा.

५. तरीही हलला नाही, तर ड्रिलने फक्त डोकं कापा. धातूचा कीस पुसून मगच झाकण उचला, कारण तो ऑइलमध्ये पडता कामा नये. उरलेला दांडा वर दिसेल, तो व्हाइस ग्रिपने धरून फिरवा.

इंजिनवरचे जाम बोल्ट काढताना मेकॅनिक गरम करतात. इथे मात्र आगीचा प्रयोग नको. ब्रेक ऑइल पेट घेऊ शकतं आणि झाकणाखाली रबरही असतं.

दांडा आतच तुटला किंवा डबीतले आटे गेले, तर घरी प्रयोग न करता गॅरेज गाठा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

झिजलेला स्क्रू परत लावू नका. त्याच मापाचा नवा घ्या, आधी हाताने फिरवून आटे नीट बसलेत का बघा आणि मग बेताने आवळा. काही रुपयांच्या स्क्रूपायी ब्रेकचं काम अडायला नको.