स्वस्त गावाचा हिशेब

पुण्यातली माझी एक मैत्रीण अधूनमधून फोन करते आणि न चुकता विचारते, "अगं, तुझ्या घराचं भाडं अजून तेवढंच आहे?" मी आकडा सांगते आणि पलीकडून एक सुस्कारा ऐकू येतो. पुण्यात दोन खोल्यांना मी जेवढं भाडं देत होते, त्याच्या चौथ्या हिश्शात राजापूर तालुक्यात मला पडवी, माजघर आणि मागं विहीर असलेलं कौलारू घर मिळालं. मी एका कंपनीचे हिशेब तपासते. 2020 च्या टाळेबंदीत ते काम घरून सुरू झालं, ते घरूनच राहिलं. मग घर पुण्यातच कशाला हवं, असं म्हणून 2021 साली मी इथं आले. हिशेब तपासणं हा माझा धंदाच, तेव्हा या स्वस्ताईचाही हिशेब आज तुमच्यापुढं मांडते.

पहिली बाब घराची. कोकणात बंद घरं पुष्कळ दिसतात, पण ती भाड्यानं मिळतीलच असं नाही. एकेका घरावर मुंबईतल्या चुलत्या-पुतण्यांची आठ-दहा नावं असतात. एकानं किल्ली दिली आणि दुसरा गणपतीला येऊन "कोणाला विचारून राहिलात?" म्हणाला, तर काय करणार? म्हणून सगळ्यांची लेखी संमती घ्यावी आणि भाडेकरार नोंदवावा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारकच आहे. पुढं जमीन घेऊन घर बांधायचा बेत असेल, तर आणखी एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. गावठाणातली किंवा बिनशेती झालेली जागा पाहावी लागते.

दुसरी बाब विजेची आणि इंटरनेटची. "फायबर आलंय का?" एवढंच विचारून भागत नाही. आमच्याकडे ती तार विजेच्या खांबांवरूनच आली आहे. आषाढात एक फांदी कोसळली की दोन्ही एकदम बंद. मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग तोही मुका होतो. तेव्हा दोन जोडण्या घ्याव्यात, पण वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या. इन्व्हर्टरही आलाच. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास वीज देते. गळती वजा जाता हजार-अकराशे धरा. लॅपटॉप, राउटर, एक दिवा आणि कमी विजेवर चालणारा पंखा मिळून शंभरेक वॅट होतात, म्हणजे दहा तासांची बेगमी झाली. त्यावर फ्रीज लावला की गणित बसलं!

तिसरी बाब पाण्याची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात काही वाड्यांना टँकर लागतो. जमीन उताराची, जांभा दगड सच्छिद्र आणि समुद्र जवळ, त्यामुळं पाणी थांबतच नाही. घर बघायला डिसेंबरात जाऊ नका. डिसेंबरात कोकण कोणालाही आवडतं. एकदा जुलैत जा आणि एकदा मे महिन्यात विहिरीत डोकावून या.

इथवरचा हिशेब पैशात मांडता येतो. चौथी बाब तशी नाही.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या काकूंच्या मुलाला गोठ्याजवळ फुरसं चावलं. वीज दुपारपासून नव्हती, टॉवर संध्याकाळी बंद पडला होता. 108 ला फोन लागेना. काकू माझ्या दारात येऊन ओरडल्या, "बाय गो, गाडी काढ!" त्या दिवशी दुपारी मी माझी मीटिंग बुडाली म्हणून चिडचिड करत होते. त्याच टॉवरवर कोणाची रुग्णवाहिका अवलंबून असते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आम्ही त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं सर्पविषावरची लस मिळाली. पुढं जिल्हा रुग्णालयात चार दिवस काढून पोरगा घरी आला. पण वाटेत गाडीत कोणीतरी त्याच्या पायाला दोरी करकचून आवळत होतं, कोणी ब्लेड शोधत होतं. ते दोन्ही करायचं नसतं, पाय फक्त स्थिर ठेवायचा असतो. हे ठामपणे सांगणारं आमच्यात कोणी नव्हतं. "सिस्टर गावात असत्या तर..." असं काकू म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या.

त्यांचं गप्प होणं मला नंतर कळलं. उपकेंद्राच्या सिस्टरना राहायला क्वार्टर नव्हतं. मी राहते ते घर त्यांनी मागितलं होतं. मी त्यांच्यापेक्षा दीड हजार रुपये जास्त देऊ केले, म्हणून ते मला मिळालं. मला ते स्वस्त वाटलं होतं, त्यांना ते परवडलं नाही. त्या राजापुरात खोली घेऊन रोज एसटीनं ये-जा करत होत्या.

मंडळी, यात माझा गुन्हा काही नव्हता. पण हिशेबात एक रक्कम धरायची राहिली होती, हे खरं. गाव स्वस्त असतं, कारण तिथं जे नाही त्याची तूट गावकरी आपल्या अंगावर सोसत असतात. शहराचा पगार घेऊन येणाऱ्या माणसानं त्या तुटीत आणखी भर घालू नये.

मी घरमालक काकांशी बोलले. घराच्या मागच्या दोन खोल्यांना वेगळं दार आहे. त्या सिस्टरना द्याव्यात आणि माझं भाडं मात्र आहे तेवढंच ठेवावं, असं ठरलं. त्यांचे बाकीचे भाऊबंद राजी व्हायला तीन महिने गेले. आता सिस्टर मागच्या दारानं आपल्या घरी ये-जा करतात आणि माझा इन्व्हर्टर त्यांच्या दिव्यालाही जोडला आहे. त्यामुळं दहा तासांचे आठ झाले.

तुम्हीही गावाकडं जाणार असाल तर जरूर जा. वीज विचारा, पाणी विचारा, कागद तपासा. आणि एक प्रश्न माझ्यासारखा दुसऱ्या वर्षी न विचारता पहिल्याच दिवशी विचारा. हे घर मी घेतलं नाही, तर कोणाला मिळेल?