यंत्रमानवाला नवा रंग नको!

खंडाळा (जि. सातारा) : जुन्या घराचा माळा रिकामा करताना पत्र्याचा एखादा यंत्रमानव हाती लागला, तर बहुतेकांना दोनच मार्ग सुचतात, तो भंगारात देणे किंवा नवा रंग देऊन दिवाणखान्यात मांडणे. संग्राहकांच्या लेखी हे दोन्ही मार्ग सारखेच घातक आहेत.

जपान हे या खेळण्यांचे माहेरघर. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखान्यांनी पत्र्याच्या खेळण्यांची मोठी निर्यात केली. १९५६ मध्ये ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटातील ‘रॉबी’ने जगाला भुरळ घातली आणि यंत्रमानवांची मागणी वाढली. मासुदाया कंपनीचे सुमारे १५ इंच उंचीचे पाच यंत्रमानव संग्राहकांत ‘गँग ऑफ फाइव्ह’ म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी ‘मशीन मॅन’ सर्वांत दुर्मीळ. पुढे प्लॅस्टिक आले आणि पत्रा मागे पडला. तेरुहिसा कितहारा यांनी १९८६ मध्ये योकोहामा येथे अशा खेळण्यांचे संग्रहालय उभारले.

नव्या रंगाला विरोध का, याचे उत्तर निर्मितीत आहे. सपाट पत्र्यावर आधी चित्रे छापली जात, मग साच्यात दाबून त्याला आकार दिला जाई. डायल, बटणे, चेहरा हे सारे छपाईतच असे. त्यावर ब्रश फिरवला की मूळ कलाकृतीच झाकली जाते आणि किंमतही घसरते.

दुरुस्तीची सुरुवात बॅटरीच्या कप्प्यापासून करावी. जुने सेल त्वरित काढावेत. अल्कलाइन सेल पाझरून पांढरा थर साचला असल्यास हातमोजे घालून, व्हिनेगरने किंचित ओलसर केलेल्या कापसाने तो पुसावा व जागा पूर्ण कोरडी करावी. छापील भाग मात्र मऊ, कोरड्या ब्रशनेच झटकावा. थिनर वा रॉकेल छपाई उडवू शकते.

पत्र्याचे भाग खाचेत वाकवलेल्या बारीक पट्ट्यांनी जोडलेले असतात. वारंवार वाकवल्यास त्या तुटतात. म्हणून खेळणे गरजेपुरतेच उघडावे आणि त्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. बदललेल्या भागाची नोंद ठेवावी. मूळ खोका फाटका असला तरी टाकू नये.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळ्यातील दमटपणा. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास गंज रोखण्यास मदत होते. चालता यंत्रमानव आनंद देतोच. पण न चालणारा, मूळ रूपातला यंत्रमानवही मोलाचा असतो.