पिकते येथे, उरते कोठे?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा जन्मास आला, त्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला. २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' म्हणून जे जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार होते आणि वाशीम त्यांपैकी एक. पूर्वी अशा मुलखास सरळ 'मागास' म्हणत. नव्या नावात सौजन्य अधिक आहे, एवढेच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या वत्सगुल्म नगरीच्या रहिवाशांस हे बिरुद बोचावे, हे स्वाभाविकच होय. परंतु जिल्ह्यात निर्माण होणारा पैसा जातो कोठे, याचा हिशेब आपल्या सुशिक्षित वर्गाने एकदा तरी मांडून पाहिला आहे काय?

विकास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता येतो. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथून त्यावर जाता येते. याचा आम्हांसही आनंद आहे. तथापि रस्ता माल आणतो तसा नेतोही. कारंज्यातील वृद्धांना मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी आठवत असेल. आज ती बंद आहे. किलिक निक्सन कंपनीचे भांडवल तीत गुंतले, ते वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून. त्या कापसाचे कापड विणून झालेला नफा मात्र त्या रुळांवरून कधी परत आला नाही.

आज कापसाचे स्थान मुख्यतः सोयाबीनने घेतले आहे. एक क्विंटल सोयाबीनपासून सुमारे अठरा किलो तेल निघते आणि उरलेल्याची बहुतांशी पेंड होते. तेल गाळणे, शुद्ध करणे, डब्यांत भरणे, पेंडीपासून कोंबड्यांचे खाद्य बनविणे, या प्रत्येक पायरीवर कोणाला तरी मजुरी आणि कोणाला तरी नफा मिळतो. कच्चा दाणा जिल्ह्याबाहेर गेला की या साऱ्या पायऱ्याही त्याच्याबरोबर गेल्या. त्यातही शेतकरी विकतो ते मळणी होताच. कारण दुकानदाराची उधारी, दिवाळी आणि रब्बीचे बियाणे एकदमच दारात उभे असते. २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि ऐन आवकेच्या दिवसांत बाजार त्याच्या खाली होता.

यावर उपाय मुळीच नाही असे नव्हे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, की किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पुढे भाव चढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ब्राझील-अर्जेंटिनाचे पीक जोरदार आले, तर माल थांबविणाराही फसतो. पण घाईने विकणे आणि विचाराने विकणे यांत अंतर आहे.

हा शेतकऱ्यांचा प्रश्न, आमचा काय संबंध, असे शहरातील वाचक म्हणतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी सुमारे ८२ खेड्यांत राहतात. त्यांच्या हाती पैसा असला तरच पाटणी चौकातील कापडाच्या दुकानात गर्दी होते. शिवाय एक गोष्ट सर्वस्वी शहरवासीयांच्या हातची आहे, ती म्हणजे बँकेतील ठेव. शिक्षकाने, डॉक्टराने येथे ठेवलेल्या शंभर रुपयांपैकी चाळीसच जिल्ह्यात कर्जाऊ गेले, तर उरलेले साठ अन्यत्र कामाला लागतात. या ठेवींचा जिल्ह्याला उपयोग व्हावा, म्हणून प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये क्षेत्रवार नियोजनाची शिफारस केली आणि अग्रणी बँकेची योजना आली. जिल्ह्यातील ठेवी किती व कर्जे किती, याचे आकडे रिझर्व्ह बँक दर तिमाहीस प्रसिद्ध करते. शेअर बाजाराचा निर्देशांक रोज मुखोद्गत असणाऱ्या आमच्या मित्रांपैकी हे आकडे कितीजणांनी पाहिले असतील?

मागेल त्याला कर्ज द्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. ओळखीपाळखीने वाटलेल्या कर्जांनी किती पतसंस्था बुडाल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बँका कचरतात त्याचे एक कारण असे, की शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना नीट जमाखर्च ठेवता येत नाही. येथे निवृत्त बँक कर्मचारी, सनदी लेखापाल, वाणिज्य शाखेचे प्राध्यापक यांना करण्याजोगे काम आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तरी पुरे. प्रवरेचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीने उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. ते अर्थशास्त्राचे पंडित होते, ऊस पिकविणारे नव्हते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या समितीची बैठक दर तीन महिन्यांनी होते. यापुढे प्रत्येक बैठकीनंतर ठेवी आणि कर्जे यांचे आकडे आम्ही याच पानावर छापणार आहोत. त्यांविषयी वाचकांनी लिहिलेल्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे.