आधी भीती जाऊ दे, मग बघू

स्वतःचं काहीतरी सुरू करायचं आहे, असं म्हणणारी माणसं आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. कुणाला मसाल्यांचा व्यवसाय करायचा असतो, कुणाला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकायचं असतं, कुणाला वीस वर्षांच्या नोकरीतलं ज्ञान घेऊन स्वतंत्रपणे काम करायचं असतं. भांडवल, जागा, माल यांची जुळवाजुळव अवघड असतेच. पण बरेच जण त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. ‘जरा आत्मविश्वास आला की करतो’ इथेच ते थांबतात. उद्योगाबद्दल आणि नेतृत्वाबद्दल काही समजुती आपण इतक्या पक्क्या धरून ठेवल्या आहेत, की त्या तपासून पाहायचं कुणाला सुचत नाही. त्यांपैकी काही इथे तपासून पाहू.

गैरसमज : आधी आत्मविश्वास हवा, काम नंतर

वस्तुस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट असते, आणि त्याचं उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं आहे. माण हा दुष्काळी तालुका. तिथे रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची, एवढाच हेतू. रक्कम फार लहान म्हणून बँकेने तिचं खातं उघडायला नकार दिला. लग्नानंतर मुंबईहून म्हसवडला आलेल्या चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं, की बायकांची स्वतःचीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण, प्रवर्तक सभासदांमध्ये अनेक जणी निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते.

नकार आल्यावर त्या बायकांनी लिहायला-वाचायला शिकायचं ठरवलं. दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा बायका स्वतः अधिकाऱ्यांसमोर गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्हाला वाचता येत नव्हतं हे खरं, पण हिशोब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच गणित घाला, बघू कोण आधी उत्तर देतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात धाडसापेक्षा मोठी वाटते ती शंकेची विभागणी. ‘या बायका बँक चालवू शकणार नाहीत’ या शंकेचा एक भाग खरा होता : वाचता येत नाही. तो त्यांनी शिकून दूर केला. दुसरा भाग खोटा होता : आकडेमोड जमणार नाही. तो त्यांनी समोरासमोर खोडून दाखवला. स्वतःच्या मनातल्या शंकेलाही हीच वागणूक द्यायला हवी. तिच्यातलं खरं किती, खोटं किती, हे वेगळं केल्याशिवाय ती जात नाही.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी केली. त्याच्या मते सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः एखादं काम पार पाडण्याचा अनुभव. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं. शब्दांनी दिलेला धीर त्याच्याही नंतर, आणि शरीराची त्या वेळची अवस्थाही त्यात भर घालते किंवा वजा करते. प्रेरणादायी भाषण ऐकून आलेला उत्साह दोन दिवसांत का ओसरतो, याचं कारण इथे सापडतं. पन्नास पाकिटं मसाला विकून आलेला विश्वास तसा ओसरत नाही, कारण त्यामागे घडलेली गोष्ट असते.

गैरसमज : शंका येते, म्हणजे आपली तेवढी लायकी नाही

1978 मध्ये अमेरिकेतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावर एक लेख लिहिला. पदव्या, हुद्दे, मानसन्मान सगळं असूनही या स्त्रियांना आतून वाटत होतं, की आपण इथवर नशिबाने पोचलो आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. पुढच्या अभ्यासांत हीच भावना पुरुषांमध्येही आढळली. म्हणजे शंका ही कुवतीची मोजपट्टी नव्हे. कुवत असलेल्यांनाही ती गाठते.

उलट, शंकेचा पूर्ण अभावच महागात पडू शकतो. कॉलिन कॅमेरर आणि डॅन लोवालो यांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात बाजारात उतरायचं की नाही, हे सहभागी लोकांनी ठरवायचं होतं. कमाई स्वतःच्या कौशल्यावर ठरणार असं सांगितलं, की जरुरीपेक्षा जास्त लोक उतरत आणि एकूण तोटा होई. ‘मी इतरांपेक्षा सरस’ हे प्रत्येकजण गृहीत धरत होता. एकाच गल्लीत चौथं ज्यूस सेंटर उघडतं, तेव्हा तिथेही बहुधा हेच घडलेलं असतं. तुमच्या मनात ‘गिऱ्हाईक आपल्याकडेच का येईल?’ असा प्रश्न येत असेल, तर तो दाबू नका. धंद्यातला तो पहिला कामाचा प्रश्न आहे.

गैरसमज : खरा उद्योजक राजीनामा फेकतो आणि उडी मारतो

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं की ही उडी हमखास आठवते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढती डावलली गेली आणि ते बाहेर पडले. पण त्याआधीचा भाग कमी सांगितला जातो. नोकरीत असतानाच ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला धाडत होते आणि तिथे त्यांचे भाऊ त्या विकत होते. पगार चालू, बाजाराची चाचपणीही चालू. पुढे बेळगावातल्या त्यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली. कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. यातलं काहीही एका रात्रीत, एका उसळीत झालेलं नाही.

जोसेफ राफी आणि जिए फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. नोकरी सांभाळत व्यवसाय सुरू करून नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. आणखी एक गोष्ट दिसली : हा सावकाशीचा मार्ग धोका टाळणारी, स्वतःबद्दल फारशी खात्री नसलेली माणसं अधिक निवडत होती. ज्यांना आपण ‘याच्याने धंदा होणार नाही’ म्हणतो, त्यांच्याच सावधपणाचा त्यांना उपयोग झाला.

मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही, या वाक्यावर जास्त शाई खर्च करण्याचं कारण नाही. त्याच किर्लोस्करवाडीपासून जवळच्या भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी 1939 मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला, आणि आज चितळे कोण, हे सांगावं लागत नाही. धंदा तरुणपणीच सुरू करावा, या समजुतीचंही तसंच. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांच्या व्यापक अभ्यासात संस्थापकांचं सरासरी वय 42 निघालं आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ते 45 च्या आसपास होतं.

गैरसमज : नेता घाबरत नाही, घाबरलात तर आधी शांत व्हा

चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की छाती धडधडते, तळहात ओले होतात. अशा वेळी प्रत्येकजण सांगतो, ‘शांत हो.’ हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांचं भाषण चांगलं झालं. गाण्यात आणि गणितातही उत्साहाचा असाच फायदा दिसला. धडधड भीतीतही असते आणि उत्साहातही. तिला थांबवण्यापेक्षा तिचा अर्थ बदलणं सोपं जातं. पहिला कामगार नेमताना, पहिल्यांदा भाव सांगताना आवाज कापला, तरी ते नेतृत्वच असतं.

गैरसमज : भीती निव्वळ मनात असते

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे सांगणारे बहुधा पाठीशी घर-जमीन असलेले असतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या पगारावर आई-वडिलांचं औषधपाणी चालतं, त्याची भीती हा हिशोब आहे आणि तो बरोबरही असू शकतो. त्याला ‘सकारात्मक विचार कर’ सांगणं अन्यायाचं आहे. त्याने भीती कागदावर उतरवावी. ‘धंदा बुडाला तर’ असं मोघम लिहू नये. ‘तीन महिने ऑर्डर आली नाही, तर खोलीचं भाडं आणि हप्ता कशातून भरायचा?’ असं लिहावं. आपण जास्तीत जास्त किती रक्कम गमावू शकतो, तो आकडा घरच्यांसोबत बसून ठरवावा आणि त्यापलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नये.

यातल्या काही भीतींना कायद्यात उत्तरं आहेत. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात आणि नेहमीच्या भागीदारीत धंद्याचं देणं मालकाच्या घरापर्यंत पोचू शकतं. मर्यादित दायित्व भागीदारी किंवा कंपनी यांत सर्वसाधारणपणे ते गुंतवलेल्या रकमेपुरतं राहतं. मात्र कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर हे संरक्षण तेवढ्यापुरतं संपतं, म्हणून सही करण्याआधी हमीचा कागद वाचून घ्यावा. गहाण ठेवायला काही नाही म्हणून अडलेल्यांसाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे : शिशू गटात 50 हजार, किशोर गटात 5 लाख आणि तरुण गटात 10 लाख रुपयांपर्यंतचं कर्ज, तारणाशिवाय.

आणखी एक भीती फारशी कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे आपलेच पैसे मागण्याची. माल पोचलेला असतो, काम झालेलं असतं, पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिलाची आठवण करायला जीभ रेटत नाही. संबंध बिघडतील, पुढचं काम जाईल असं वाटतं. अनेक लहान व्यवसाय गिऱ्हाईक नसल्याने बंद पडत नाहीत, उधारीत अडकून बंद पडतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना यासाठी उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ती आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर तिला एक रुपयाही लागत नाही, आणि ती वाद झाल्यावर करण्याऐवजी पहिला माल पाठवण्याआधीच करून ठेवावी. मग बिलावर नोंदणी क्रमांक छापता येतो, मुदत लिहिता येते, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी फोन करताना कायद्यातली तारीख सांगता येते.