हात पाठीशी बांधणारे गुरुजी

मूल कोठे अडले की आपला हात आपोआप पुढे जातो. गणित चुकले तर आपण उत्तर सांगून मोकळे होतो. गाठ नीट बसली नाही तर आपणच ती मारून देतो. यामागे मायाच असते. परंतु या मायेने मुलाचे किती नुकसान होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार करावयास लावणारे एक कार्य आज अनेक देशांतील स्वयंसेवक निष्ठेने करीत आहेत. त्याची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

२०११ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरात जेम्स वेल्टन नावाच्या शाळकरी तरुणाने आपल्या शाळेत एक संगणक-मंडळ सुरू केले. बिल लियाओ या उद्योजकाची त्याला साथ मिळाली आणि त्याच वर्षी ‘कोडरडोजो’ ही चळवळ जन्मास आली. सात ते सतरा वर्षांच्या मुलांनी शाळेबाहेर एकत्र जमावे, जाणत्यांनी त्यांना कोडिंग, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या, शिकवावी आणि त्याचे मोल घेऊ नये, असा तिचा शिरस्ता आहे.

अशा वर्गांतून पुष्कळदा मुलांच्या हाती चाकांची एक लहानशी गाडी देतात. तिच्यावर तळहातात मावेल एवढा संगणकाचा बोर्ड बसविलेला असतो. ‘मायक्रोबिट’ नावाचे असे बोर्ड ब्रिटनमध्ये २०१६ साली बी. बी. सी. व तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा लाख शाळकरी मुलांसाठी विनामूल्य दिले होते.

आता या गाडीने जमिनीवर चौकोनात फिरावे, एवढेच काम समजा. मुले आज्ञा लिहितात: पुढे जा, काटकोनात वळ, हेच चार वेळा कर. कागदावर सारे बिनचूक! पण गाडी निघाल्या जागी परत येतच नाही. एक मोटर दुसरीहून किंचित वेगाने फिरते, गुळगुळीत फरशीवर चाक घसरते, सेल उतरलेले असतात. शिवाय साध्या गाडीला काटकोन कोठला ठाऊक! चाक किती वेळ फिरवावयाचे, एवढेच तिला कळते. मुले तो वेळ थोडा वाढवितात. गाडी आता जास्तच वळते. पुन्हा कमी करतात, पुन्हा सोडून पाहतात. एका वेळी एकच बदल करावा, हा शास्त्रज्ञांचा नियम ती अशी गुडघ्यांवर बसून शिकतात.

या घटकेस चांगला स्वयंसेवक काय करतो? तो हात पाठीशी बांधून उभा राहतो आणि म्हणतो, “बाळ, तूच गाडी हो आणि चालून दाखव बरे!” ही युक्ती जुनी आहे. जिनिव्हात बालमनाचे अभ्यासक पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या सिमोर पेपर्ट यांनी १९६७ साली अमेरिकेत सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणक-भाषा रचली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव आले. कासव अडले की मुलाने स्वतः त्याच्यासारखे चालून पाहावे, असे ते सांगत. चूक ही लपविण्याची गोष्ट नव्हे, शोधून दुरुस्त करण्याची आहे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता.

गाडी रागावत नाही, हसत नाही, गुणही कापत नाही. तिची चूक सर्वांसमक्ष फरशीवर पडलेली असते. म्हणून ती कोणा एकाची नामुष्की ठरत नाही.

तथापि केवळ यंत्रे आणून हे साधत नाही. शिकविणारा येईनासा झाला की ती कपाटात धूळ खात पडतात. धीट मुलगा कळफलक बळकावतो आणि शेजारची मुलगी नुसती चाके धरून बसते. तेथे पाळी लावून देणारे जागरूक माणूसच लागते.

गोव्यात शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची सरकारी योजना आहे. बेळगावच्या कारखान्यांत, वडोदरा-हैदराबादच्या कचेऱ्यांत यंत्रे व संगणक जाणणारी आपली तरुण मंडळी आहेत. त्यांनी आठवड्याचे दोन तास शेजारच्या मुलांना द्यावेत. गाडी नसेल तर खडूने फरशीवर चौकोन आखावा. एका मुलाने आज्ञा द्यावी, दुसऱ्याने यंत्र होऊन ती पाळावी. आरंभास एवढे पुरे.

आणि वाचकहो, घरी मूल अडले, तर आपणही क्षणभर हात आवरून पाहू या. त्या क्षणातच त्याचे शिकणे चाललेले असते.