पाहुणे आले की दडणारा अंमल

१६०९ मध्ये दक्षिण जपानमधल्या सात्सुमा जहागिरीच्या सुमारे ३,००० सैनिकांनी रयुक्यूचं राज्य, म्हणजे आजचं ओकिनावा, जिंकलं. राजा शो नेई कैद झाला. सात्सुमावर राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ लिहून दिल्यावरच १६११ मध्ये त्याला परत जाता आलं. शपथपत्रावर सही न करणाऱ्या जाना या मंत्र्याला मात्र मृत्युदंड मिळाला. एवढी जरब बसवणाऱ्या सात्सुमाने पुढे नाहा बंदरात ठेवलं काय, तर एक कचेरी, एक देखरेख अधिकारी (झाइबान बुग्यो) आणि जेमतेम वीसेक माणसं. हा उदारपणा नव्हता. सात्सुमाला हवा होता चीनचा व्यापार, आणि तो रयुक्यू चीनला पाठवत असलेल्या नजराणा-जहाजांतूनच मिळणार होता. आक्रमणानंतर मिंग दरबाराने नजराण्याची पाळी दहा वर्षांवर नेली, तेव्हा संशयाची किंमत किती पडते ते उघड झालं. म्हणून चिनी राजदूत नव्या राजाला मान्यता द्यायला शेकडो माणसांसह येत आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत, तेव्हा हा अधिकारी आणि त्याची माणसं गाशा गुंडाळून उरासोएतल्या गुसुकुमा गावात जाऊन राहत. जपानी जहाजंही उत्तरेकडच्या उन्तेन बंदरात हलवली जात. कुणी विचारलंच, तर हे जपानी तोकारा बेटांवरचे व्यापारी, असं ठरलेलं उत्तर असे.

वीस माणसांकडून राज्य कसं दाबलं जाणार, रयुक्यू स्वतंत्रच होतं, असं कुणी म्हणेल. पण लगाम नाहात नव्हताच. सात्सुमाच्या परवानगीशिवाय चीनमधून माल मागवायचा नाही, हे १६११ च्या पंधरा कलमांतच होतं; जमिनीची मोजणी करून करही सात्सुमानेच ठरवला, आणि रयुक्यूचे प्रतिनिधी कागोशिमात हजेरी लावत. नाहातल्या माणसांचं काम मुख्यतः जहाजं, माल आणि ख्रिस्ती धर्मबंदी यांवर नजर ठेवण्याचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिन्यांना हे कळत नव्हतं का? बहुधा कळत असावं. पण कळणं वेगळं आणि दरबारात मान्य करावं लागणं वेगळं. सोंग नीट वठलं तर बीजिंगलाही काही करावं लागत नव्हतं. मात्र ते वठवायचं रयुक्यूची राजधानी शुरी इथल्या दरबाराने. मालक लपलेला असताना पाहुण्यांशी बोलायचं, बाजार सांभाळायचा, लोकांना गप्प ठेवायचं ते रयुक्यूच्याच अधिकाऱ्यांनी. देखरेख करणारे असे त्यांच्यावर विसंबून होते, म्हणूनच शुरीचा राजा, त्याचा दरबार आणि पदांची उतरंड अडीचशेहून अधिक वर्षं टिकली. १८७९ मध्ये तोक्योतल्या जपानी सरकारने सैनिक आणि पोलीस पाठवून राज्य खालसा केलं, तेव्हा चीनपासून लपवण्याची गरज उरली नव्हती.